नायट्रो इंजिन घेताना आणि सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नव्यानं आर.सी. (म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या) रेसिंगमध्ये आलेली मंडळी ट्रॅकवर विचारतात, फोनवर विचारतात आणि रेसच्या आदल्या रात्री अकरा वाजताही विचारतात. उत्तरं मुख्यतः १/८ (म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाच्या) ऑफ-रोड बग्गीच्या, नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणाऱ्या ३.५ सीसी इंजिनाची आहेत, कारण मी तेच चालवतो. बहुतेक गोष्टी १/१० टूरिंगच्या छोट्या इंजिनालाही लागू पडतात.

"एकवीसचं इंजिन" म्हणजे काय?

०.२१ घनइंच, म्हणजे साधारण ३.५ सीसी. १/८ बग्गीच्या आंतरराष्ट्रीय रेसमध्ये कमाल मर्यादा हीच. १/१० टूरिंगला "बारा" लागतं, म्हणजे सुमारे २.१ सीसी. "अठ्ठावीस" वगैरे मॉन्स्टर ट्रकसाठी. मजा म्हणून ठीक, बग्गीच्या रेसमध्ये चालत नाही.

आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. बग्गीच्या एका प्रचलित इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) १६.२७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १६.८ मिमी असतो. त्यातून आकारमान काढलं की ३.४९ सीसी येतात. सुपारीहून लहान पिस्टन, आणि ३६,००० आरपीएमला तो सेकंदाला ६०० वेळा वर-खाली होतो. पुढची सगळी उत्तरं या एका आकड्यातून निघतात. इतक्या वेगात धुळीचा एक कणही पॉलिश पेपरसारखा घासतो.

पहिलं इंजिन कोणतं घेऊ? सात पोर्टचं चांगलं का?

पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली मिश्रण आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची भोकं. त्यांच्या संख्येवर जाऊ नका. जास्त पोर्ट म्हणजे साधारणपणे वरच्या आरपीएमला जास्त दम. तो लांब सरळ रस्त्यांच्या ऑन-रोड ट्रॅकवर कामाला येतो. आपल्या मातीच्या ट्रॅकवर दर चार सेकंदांनी वळण नाहीतर उडी येते, तिथे खालून मऊ उचलणारं इंजिन हवं. तीन किंवा पाच पोर्टचं साधं बग्गी इंजिन नवख्या हाताला जास्त वेगवान लॅप देतं, कारण गाडी उलटत नाही. एकाच कंपनीचं बग्गी मॉडेल आणि ऑन-रोड मॉडेल बाहेरून भावंडं वाटतात, पण क्रँक, स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि हेड वेगळं असतं. "ऑन-रोडचं स्वस्तात मिळतंय, बसवून टाकू" हा विचार सोडा.

मग बघायचं काय? पहिली गोष्ट, सुटे भाग. जपानची ओ.एस., इटलीची पिको आणि रेड्स यांची इंजिनं रेसमध्ये खूप दिसतात, म्हणजे कनेक्टिंग रॉड, ओ-रिंग, कार्बचे (कार्ब्युरेटरचे) भाग कुणाच्या तरी पेटीत सापडतात. सगळ्यात वेगळं दिसणारं इंजिन घेतलंत तर एका साडेतीन मिलिमीटरच्या क्लिपसाठी महिनाभर कुरिअरची वाट बघाल. दुसरी गोष्ट, एक्झॉस्टचा पाइप आणि त्याला इंजिनाशी जोडणारा मॅनिफोल्ड. टू-स्ट्रोकमध्ये पाइप हा इंजिनाचाच अवयव आहे. परतीची दाबलहर ताजं मिश्रण आत ढकलते. कंपनीनं सुचवलेली जोडी घ्या आणि वर्षभर तिला हात लावू नका.

सिरॅमिक बेअरिंग, क्रँकवर डीएलसी (कार्बनचं, हिऱ्यासारखं कठीण) कोटिंग, सिलिकॉन भरलेला क्रँक हे सगळं खरंच उपयोगी आहे, पण पहिल्या इंजिनात त्याचे पैसे देणं म्हणजे सायकल शिकायच्या आधी कार्बन फ्रेम घेणं. ते पैसे इंधनात घाला. तीन गॅलन इंधन जाळल्याशिवाय आवाजावरून नीडल (कार्बमधून इंधन किती जावं ते ठरवणारा स्क्रू) लावायचा कान तयार होत नाही.

सेकंडहँड घ्यावं का?

घ्यावं, पण विकणाऱ्याचं बोलणं ऐकू नये. "फक्त एक गॅलन चाललंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तो आकडा आता मला गॅलनचा वाटत नाही, नमस्काराचा वाटतो. अशाच एका इंजिनाचा रॉड माझ्याकडे दुसऱ्या टाकीला तुटला आणि क्रँककेसला आतून भोक पाडून गेला.

हातात घेतल्यावर चार गोष्टी करा. इंजिन थंड असताना फ्लायव्हील बोटांनी फिरवा; पिस्टन वर येताना अडकल्यासारखा व्हायला हवा. यालाच पिंच म्हणतात. सहज घरंगळत वर गेला तर स्लीव्ह-पिस्टन संपत आलेत. मागची प्लेट उघडा आणि मागच्या बेअरिंगवर तांबूस गंज आहे का बघा. पिस्टन खाली नेऊन एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारा. भिंतीवर उभे ओरखडे म्हणजे धूळ आत गेली होती. शेवटी कार्बच्या तोंडाला बोट लावा. बोटावर माती आली तर किंमत ऐकूच नका.

इंधनात नेमकं काय असतं? किती टक्के नायट्रो?

मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नाव नायट्रोचं, पण बाटलीत जास्त भाग मेथॅनॉलचाच. नायट्रोमिथेनमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं. पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, मेथॅनॉलला साधारण साडेसहा पट, नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ पट. म्हणूनच एवढंसं इंजिन मिनिटाला १२ ते १५ सीसी पिऊन टाकतं.

अमेरिकेत ३० टक्के सर्रास चालतं. युरोपात स्फोटकांच्या कच्च्या मालाबाबतच्या नियमांमुळे २०२१ पासून सर्वसामान्य ग्राहकाला १६ टक्क्यांच्या वरचं मिळणं अवघड झालं, आणि १६ टक्क्यांवरही गाड्या झकास पळतात. आपल्याकडे २० किंवा २५ टक्के मिळालं तर आनंदानं घ्या. महत्त्वाचं हे की एकदा जे निवडाल तेच चालवा. टक्केवारी बदलली की नीडल, प्लग, कधी हेडखालचे शिम (पातळ चकत्या) सुद्धा बदलावे लागतात.

तेलाकडे मात्र नीट बघा. पेट्रोल पंपावर बजाज चेतकमध्ये टू-टी टाकून घेतलेल्यांना ही भानगड समजावून सांगावी लागत नाही: इथे तेलपंप नाही, इंधनातलं तेल हेच सगळं वंगण. रेसच्या इंधनात ते ८ ते १२ टक्के असतं, शिकाऊ इंधनात त्याहून जास्त. त्यात सिंथेटिक आणि एरंडेल यांचं मिश्रण असतं. हो, आजी पाजायची तेच एरंडेल. इंजिन लीन होऊन (हवेच्या मानानं इंधन कमी पडून) तापलं की सिंथेटिक तेल आधी हार मानतं, एरंडेल चिकटून राहतं. त्याच चिकटपणामुळे पिस्टनवर तपकिरी थर बसतो, पण नवशिक्यासाठी तो सौदा फायद्याचा आहे. जगातलं बहुतेक एरंडेल गुजरातच्या शेतांतून जातं. परदेशी लेबलच्या महागड्या बाटलीतला तो वास ओळखीचा वाटतो तो उगाच नव्हे.

हे घरी ठेवणं धोक्याचं आहे का?

आहे, आणि इथे मी थट्टा करणार नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली, ती मेथॅनॉलमुळेच. आपल्या बाटलीतलं इंधन गुलाबी, हिरवं, निळं असतं, म्हणजे लहान मुलाच्या डोळ्यांना सरबत. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते एक मिनिटही ओतू नका. चुकून कुणाच्या पोटात गेलं तर लक्षणांची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा आणि "मेथॅनॉल" हा शब्द सांगा. आंधळेपण येऊ शकतं आणि सुरुवातीचे काही तास माणूस बरा दिसतो.

मेथॅनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी इंधन भरायच्या जागी) कुणी अचानक हात झटकत नाचायला लागला तर हसू नका, पाणी ओता. मेथॅनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्यानं आग दबते. बंद खोलीत इंजिन सुरू करू नका. विमानात इंधन नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही.

नवं इंजिन ब्रेक-इन कसं करायचं?

यावर दोन माणसांचं एकमत मी पाहिलेलं नाही. कारण समजलं तर वाद निम्मा मिटतो. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पितळी स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, तिला आतून क्रोमचा किंवा निकेलचा मुलामा असतो, आणि पिस्टन सिलिकॉनचं प्रमाण जास्त असलेल्या अॅल्युमिनियमचा. पितळ जास्त फुगतं, पिस्टन कमी. म्हणजे गरम झाल्यावर माप बरोबर जमतं, थंड असताना पिस्टन वरती आवळला जातो. थंड इंजिन जबरदस्तीनं फिरवलं की रॉडवर ताण येतो आणि स्लीव्हचा निमुळतेपणा घासून जातो.

म्हणून "खूप रिच (म्हणजे इंधन जास्त) ठेवून, धूर काढत, थंड चालवा" हा जुना सल्ला मी देत नाही. हीट गननं हेड ७०-८० अंशांपर्यंत तापवा, मग स्टार्टर बॉक्सवर (खालून फ्लायव्हील फिरवून इंजिन सुरू करणाऱ्या पेटीवर) ठेवा. मिश्रण रिच ठेवा, पण हेड ९० च्या खाली जाऊ देऊ नका. थंडी असेल तर हेडला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. पाच-सात मिनिटं चालवून बंद करा, फ्लायव्हील फिरवून पिस्टन तळाला आणा आणि पूर्ण गार होऊ द्या. पिस्टन वर अडकलेला राहिला तर आकुंचन पावणारी स्लीव्ह त्याला मिठी मारते. असं दोन टाक्या उभ्यानं, दोन-तीन टाक्या ट्रॅकवर हलक्या हातानं, प्रत्येक टाकीनंतर नीडल थोडी थोडी आत. पूर्ण रेस सेटिंग पहिला गॅलन संपत आल्यावर.

नीडल ट्यून करायची पद्धत सांगा ना, सोपी.

क्रम पाळा: आधी वरची म्हणजे हाय-स्पीड नीडल, मग खालची लो-स्पीड, शेवटी आयडलचा स्क्रू. उलट्या क्रमानं गेलात तर संध्याकाळपर्यंत गोल गोल फिराल. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की नीडल आत जाते, मिश्रण लीन; उलट दिशेनं रिच. एका वेळी फक्त "एक तास" फिरवा, म्हणजे घड्याळाचा काटा एकवरून दोनवर जाईल तेवढंच, आणि मग दोन लॅप मारून बघा.

वरची नीडल: लांब सरळ रस्त्यावर गाडी पूर्ण वेग घेते का, आवाज घोगरा राहतो का मोकळा होतो, आणि मागे धुराची पातळ रेघ दिसते का. धूर दिसलाच पाहिजे. आवाज मोकळा होऊन मग रस्त्याच्या शेवटी एकाएकी दबला, तर लीन झालंय. गाडी लगेच पिटमध्ये बोलवा.

खालची नीडल: इंजिन गरम असताना गाडी दहा सेकंद आयडलवर उभी ठेवा आणि एकदम थ्रॉटल द्या. गुरगुरत, धूर टाकत उठली तर रिच. क्षणभर दम कोंडल्यासारखी होऊन बंद पडली तर लीन. दुसरी खूण ब्रेकनंतरची: गाडी थांबली तरी आयडल वरच तरंगत राहून मग हळूच खाली येत असेल तर खालची नीडल लीन आहे. कार्बजवळ इंधनाची नळी चिमटीत धरूनही बघतात. दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं तर ठीक. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ चालत राहिलं तर रिच.

ट्रॅकवर सगळ्यात वेगवान वाटणारं सेटिंग हे नेहमी मरणाच्या एक तास अलीकडचं असतं. रेसला जाताना वरची नीडल एक तास रिच करून जा. त्यानं हरलेला मी कुणी पाहिला नाही.

तापमान किती असावं?

प्लगजवळ टेम्प गन धरून १०० ते १२० अंश. पण हा आकडा देव नव्हे. बॉडीला वारा किती लागतो, हेड केवढं, हवा कशी, यावर तो बदलतो. धूर आणि आवाज चांगला असेल आणि गन १२३ दाखवत असेल तर घाबरू नका. ११० दाखवत असेल आणि धूरच नसेल तर घाबरा. गन नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका: चर्र होऊन तीन-चार सेकंदांत उडाला तर बरं, पडताक्षणी उडाला तर जास्त तापलंय, नुसता बसून राहिला तर फार रिच.

मुंबईत मस्त चालणारं इंजिन पुण्यात धूर का ओकतं?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, हवेचा दाब सुमारे सहा टक्के कमी. नीडल तेवढंच इंधन सोडते, हवा मात्र कमी, म्हणून मिश्रण रिच. एक-दोन तास आत घेतलं की काम झालं. त्रास फक्त वेगाचा होतो.

खरा धोका उलट्या प्रवासात आहे. पुण्यात टोकाला लावलेलं इंजिन घाट उतरून खाली नेलं की हवा दाट, इंधन तेवढंच, आणि पहिल्याच सरावात ते लीन जळतं. हाच हिशोब एका दिवसातही लागतो. डिसेंबरच्या सकाळी सात वाजता हवा थंड आणि दाट, म्हणून आदल्या दुपारचं सेटिंग लीन ठरतं. लोकांना वाटतं थंडीत इंजिन गार राहील, काळजी नाही. उलट आहे. सकाळी आधी रिच करा, मग ऊन चढेल तसं आत घ्या. दमट हवेतली वाफही ऑक्सिजनची जागा खाते, म्हणून मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये कोरड्या दिवसापेक्षा थोडं आत लागतं.

प्लग कधी बदलायचा, आणि कोणता?

ग्लो प्लगला स्पार्क नसतो. सुरुवातीला दीड व्होल्टनं तार लाल होते. पुढे प्लॅटिनमच्या तारेवर मेथॅनॉलची रासायनिक क्रिया आणि आधीच्या जळणाची उष्णता तिला तापवत ठेवते. म्हणजे टायमिंग ठरवणारी वस्तू म्हणजे ही तार. जास्त नायट्रो आणि कडक उन्हाला थंड प्लग, कमी नायट्रो आणि थंडीला गरम प्लग. ओ.एस.च्या "पी" मालिकेत आकडा चढेल तसा प्लग थंड. टर्बो प्लगच्या हेडमध्ये साधा प्लग लावू नका, खालची बैठक वेगळी असते.

काढलेला प्लग फेकायच्या आधी वाचा. तार चमकदार आणि वेटोळं जागेवर असेल तर उत्तम. तार करडी, खरखरीत, वाकडी असेल तर लीन किंवा कॉम्प्रेशन जास्त. तारेवर धातूचे ठिपके असतील तर आतलं काहीतरी झिजतंय, इंजिन उघडा. मी मोठ्या रेसच्या सकाळी नवा प्लग लावतो आणि जुना सरावाला ठेवतो.

तासाभराची रेस एका टाकीवर होत नाही. इंधन कसं वाचवू?

१/८ बग्गीची टाकी नियमानं १२५ सीसीची. जागतिक स्पर्धा १९८६ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलला सुरू झाल्या. तिथली फायनल आज तासाभराची असते. दर आठ मिनिटांनी पिटला यावं लागलं तर सात वेळा थांबायचं, दहा मिनिटं काढलीत तर पाचच वेळा. थांबण्याचे हे दोन फेरे लॅप टाइमपेक्षा जास्त महागात पडतात.

सोपा उपाय म्हणजे कार्बच्या तोंडातला रेस्ट्रिक्टर, हवेची वाट अरुंद करणारी कडी. सात मिमीच्या जागी साडेसहाचा लावा. वरचा दम थोडा जातो, गाडी मऊ होते, मिनिटभर जास्त चालते. नवख्यांची वेळ यात सुधारतेच. नीडल लीन करून मिनिटं वाढवणं म्हणजे टाकीतले शंभर रुपये वाचवायला पिस्टन गहाण टाकणं.

एअर फिल्टर दर वेळी धुवायचा?

हो. दर वेळी. एका मोठ्या फायनलनंतर, किंवा दिवसभरात तास-पाऊण तास चालल्यावर. मी दोन-तीन फोम तेल लावून झिपच्या पिशवीत तयार ठेवतो आणि मळलेला सरळ काढून टाकतो. फोम साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टरचंच तेल लावा आणि पिशवीत चोळून सगळीकडे पोचवा. रंग एकसारखा दिसला पाहिजे. बुडाशी, रबर आणि कार्ब जिथे मिळतात तिथे झिप टाय घट्ट आवळा. धूळ फोममधून कमी आणि त्या फटीतून जास्त जाते. आपल्या लाल मातीत आणि मार्चच्या फुफाट्यात फिल्टरशिवाय "फक्त एक लॅप" मारलेलं इंजिन मी उघडून पाहिलंय. स्लीव्ह आतून खरवडलेल्या तव्यासारखी होती.

नीडलला हात न लावता आयडल कधी चढतं, कधी उतरतं. का?

कुठून तरी हवा चोरून शिरतेय. नीडल फिरवत बसू नका. टाकी काढून नळी बंद करा, फुंकर मारा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे झाकणाच्या रबराखाली दिसतात. मग इंधनाची नळी, पाइपकडून टाकीला दाब देणारी नळी, कार्बच्या बुडाची ओ-रिंग, मागची प्लेट. सगळं ठीक असेल तर पुढचं बेअरिंग. दहातल्या सात वेळा टाकीचं झाकण निघतं.

दिवस संपल्यावर काय करू?

टाकी रिकामी करा. पुन्हा सुरू करून नळीतलं उरलेलं इंधन जाळून टाका. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि नायट्रोच्या जळणानंतर आम्लाचे अंश आत राहतात. दोन्ही मिळून बेअरिंगला रात्रभरात गंज चढवतात. कार्बमधून आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे (चालवून झाल्यावर घालायच्या, गंज रोखणाऱ्या तेलाचे) काही थेंब सोडा, प्लग काढलेला असतानाच फ्लायव्हील पाच-सहा वेळा फिरवा, पिस्टन तळाला ठेवा. पाच मिनिटांचं काम. बाटलीचं बूच घट्ट लावून ती उन्हापासून लांब ठेवा.

कोणता भाग कधी बदलायचा?

कनेक्टिंग रॉड सात-आठ लिटरनंतर, दुखत नसला तरी. पिस्टन तळाला असताना रॉड वर-खाली जाणवण्याइतका हलला तर आजच. तुटलेला रॉड बाकीचं सगळं घेऊन जातो. मागचं बेअरिंग, साधारण १४ × २५.४ × ६ मिमी, हातानं फिरवून खरखर जाणवली की बदला. क्लच बेलची बेअरिंग त्याहूनही लवकर, ती स्वस्त आहेत आणि सतत तापतात. गरम असताना इंजिन सुरू व्हायला नखरे करू लागलं तर पिंच गेली. तेव्हा नवा स्लीव्ह-पिस्टन आणि नवं इंजिन यांच्या किमती शेजारी ठेवून बघा.

आता बॅटरीवरची ब्रशलेस मोटर आहे. हा उपद्व्याप कशाला?

ब्रशलेस वेगवान आहे, स्वच्छ आहे, शेजारी भांडत नाहीत. पिटमध्ये मित्रानं ओरडत इंधन भरणं आणि आवाजावरून आजार ओळखणं ज्यांना नको असेल त्यांनी तेच घ्यावं.

पावसाळ्यात चार महिने बंद होतं. आता फ्लायव्हील हलतच नाही.

स्टार्टर बॉक्सवर दाबू नका, रॉड जाईल. प्लग काढा, आत आफ्टर-रन ऑइल सोडा, हीट गननं क्रँककेस आणि हेड ऐंशी अंशांपर्यंत तापवा. एरंडेलाचा डिंक झालेला असतो, तो सैल होतो. मग फ्लायव्हील हातानं पुढे-मागे डोलवा, पूर्ण फेरा मारायची घाई नको. सुटलं की मागची प्लेट उघडून बेअरिंग बघा; तांबूस असेल तर आधी बेअरिंग, मग इंधन.

पुढच्या जूनमध्ये तेल घालून, कार्ब आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून, सिलिकाच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा फ्लायव्हील फिरवा. मी गणपती आणताना एकदा आणि विसर्जनानंतर एकदा फिरवतो, म्हणजे लक्षात राहतं.